सहा आठवड्यांची झडती

"खिसे उलटे करा," बायको म्हणाली.

घड्याळजीनं केले. भिंग, रुमाल, दोन स्क्रू. वेफर्सचं पाकीट नाही.

कारखान्याच्या फाटकावर झडती घेणं हे तिचं काम. डब्याच्या तळाशी पितळ दडवणारेही तिच्या हातून सुटले नव्हते. हा तर घरचाच चोर.

घड्याळजीच्या आतड्याला सूज होती. ती उतरली नाही, तर आतडं कापायचं ठरलं होतं. त्याआधी दवाखान्यात एक प्रयोग: पालेभाज्या, जांभळी फळं, बीट, हळद. झाडपाल्यातल्या द्रव्यांनी सूज उतरते का, ते पाहायचं. तुलनेला घरातलं एक निरोगी माणूस हवं होतं. सूज मोजायला शौचाचा नमुना दोघांचाही. निरोगी माणूस ती.

वहीही तिचीच.

*पहिला आठवडा. बीट रोज. उरलेलं मी संपवते, टाकवत नाही. संडासात लाल दिसलं म्हणून हे घाबरले. मला हसू आलं. मलाही तसंच होतंय. बिटाचा रंग.*

*तिसरा आठवडा. बीट बंद. हे तोंडाला लावतील तर शपथ. पालक सुरू.*

*पाचवा आठवडा. यांच्या तोंडावर तजेला. बाहेर चरतायत. माझ्या गणवेशाचा पट्टा दोन भोकं आत गेला, यांच्या काळजीनं.*

सहाव्या आठवड्याच्या शेवटी निरोप आला. घरच्या दोन नमुन्यांपैकी एकात सूज तिपटीनं वाढली आहे, दोघांनी उद्या या. कोणाच्या, हे तिला विचारावंसं वाटलं नाही.

दवाखान्याच्या जिन्यावर तिनं त्याचा उद्धार केला. त्याच्या जिभेचा, त्याच्या मित्रांचा, त्याला लाडावून ठेवणाऱ्या सासूबाईंचा. दम लागून ती दोनदा थांबली, तेवढीच त्याच्या कानांना विश्रांती. तो कठड्याला धरून उभा राहिला. चोरून खाल्लं नाही, एवढंच त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर खिसे उलटे करावे लागले होते.

आत शिरताच तिनं वही टेबलावर आपटली. "मी राबराब राबले आणि हा माणूस चोरून खातो. उद्या याचं पोट फाडाल तेव्हा रडायला मात्र मी."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे सरकवली. त्याच्यासाठी नव्हे.

"यांची सूज उतरली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला शौचाला लाल दिसतं का हो?"

"दिसतं की. रोजच. बिटाचं असतं ते."

घड्याळजीनं वही ओढून घेतली, दोन पानं उलटली आणि तिच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"बीट बंद," त्यानं वाचलं. "महिना होत आला."