तिसरी बरणी

"आधी तू घे वास," भागीरथाबाईंनी वाटी सुनेपुढे धरली. "घेतल्याबिगर कशी शिकशीन?"

सुरभीने वाटी नाकाशी नेली. पिकल्या जांभळाचा, जरासा लवंगेच्या अंगाने जाणारा वास आला आणि तिला आपोआप हसू फुटलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वाटी स्वतःच्या नाकाखाली धरून डोळे मिटले.

"ही चांगली हाय. भरा."

सासरे भगवानराव याच शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी रबरी नळी बरणीत सोडली, दुसरं टोक तोंडाने ओढलं आणि चटकन बाटलीत धरलं. ओठाला लागलेली वाईन त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसून टाकली. जिभेला काही कळतच नव्हतं, तर चाखायची कशाला?

कोरोनात नवरा-बायको दोघंही यवतमाळच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर होते. दोघंही हातीपायी धड घरी आले. फक्त भगवानरावांना वास येईनासा झाला आणि वासापाठोपाठ चव गेली. खाण्यासाठी जीव टाकणारा माणूस, पण पुरणपोळी आणि पुठ्ठा त्याला एकच झालं. ताटावरून अर्धपोटी उठायचा, कुणाशी बोलायचा नाही. घरातल्यांनी धास्ती घेतली होती. मग कुठून तरी हे वाईनचं खूळ डोक्यात शिरलं. घाटंजीच्या शेतात बांधावर जांभळाची झाडं होतीच. हळूहळू माणूस माणसात आला, आणि घरच्यांनी त्या खुळाला हात जोडले.

वास घ्यायचं काम अर्थातच बायकोकडे गेलं. भागीरथाबाईंचं नाक गावात नावाजलेलं होतं. कुणाचं लोणचं बिघडणार ते त्या झाकण उघडल्याबरोबर सांगायच्या, असं शेजारणी अजून सांगत. दारूचा थेंब जिभेला लावायचा नाही, हा मात्र त्यांचा नेम होता. नुसत्या वासावर निकाल द्यायच्या.

सुरभी उमरखेडहून लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून तिला या नाकाचं मोठं नवल वाटत आलं होतं. गेल्या साली एका बरणीचा वास घेऊन तिने तोंड वाकडं केलं होतं. पाठोपाठ सासूबाईंनी वास घेतला आणि ती बरणी उकिरड्यावर ओतायला लावली. आपलंही नाक तयार होतंय म्हणून सुरभी तेव्हा मनातून फुलली होती. पण एवढ्या एका हुंगण्यात सासूबाईंना नेमकं काय कळतं, हे कोडं काही सुटत नव्हतं.

"दुसरी?" भगवानरावांनी विचारलं.

दुसरीही चांगली निघाली. तीही बाटल्यांत भरली.

उद्या भगवानरावांचे कॉलेजातले मित्र शेतावर जेवायला येणार होते. प्रत्येकाच्या नावाची एक बाटली तयार होत होती. लेबलं धाकट्या नातीने, खुशीने, रंगवून दिली होती: जांभळाचं झाड, खाली मित्राचं नाव. खरं लक्ष होतं ते मारोतरावांवर. नाशिककडे त्यांचा द्राक्षाचा मळा होता, आणि फोनवर ते पोट धरधरून हसले होते.

"म्हने, जांभयाची वाईन करतं, तर गोवऱ्याची कॉफी बी कर," भगवानराव कोमट पाण्यात भिजलेली बुचं चाळवत म्हणाले. "उद्या त्याचं तोंड पायतो मी. अन् त्यानं नाक मुरडलं ना, सुरभी, तर या बरन्या फोडून टाकीन. पुन्हा या भानगडीत पडनार नाई."

ते हसत बोलले, पण सुरभीला ते खरं वाटलं. ताटावरून मुकाट उठून जाणारे मामाजी तिला पुन्हा पाहायचे नव्हते.

तिसरी बरणी उघडली. वाटी तिच्या हातात देताना सासूबाई नेहमीसारख्याच म्हणाल्या, "पाय बरं."

या वेळी सुरभीने मनाशी एक गंमत ठरवली. आपण काहीच दाखवायचं नाही. बघू या सासूबाईंचं कसब.

तिने वास घेतला. नखं रंगवायच्या रंगासारखा, नाकात चावणारा. तरी तिने चेहरा पाटीसारखा कोरा ठेवला.

भागीरथाबाई जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. "कसा वाटला?"

"तुम्हीच सांगा, आई."

त्यांनी वाटी उचलली. डोळे मिटले.

"ही तं पयल्या नंबरची," त्या म्हणाल्या. "मारोतरावले हीच द्या."

भगवानरावांचा चेहरा उजळला. सुरभीला हे पटेना. सासऱ्यांसमोर सासूबाईंचं म्हणणं खोडायचं, तेही वासाच्या बाबतीत? कालची पोर ती. चांगली वाईन मुरताना अशीच चावत असेल. काजीपुढे कुराण कुणी वाचावं! तिने मुकाट्याने बाटली धरली आणि सासऱ्यांनी यंत्राचा दांडा दाबून बूच आत बसवलं. मग दुसरी, मग तिसरी. बरणी रिकामी झाली.

भागीरथाबाई चहाचं बघायला आत गेल्या. भगवानराव शीळ घालत लेबलांना खळ लावायला बसले. मारोतरावांच्या नावाचं लेबल त्यांनी दोनदा दाबून सरळ केलं. इतकं खुशीत त्यांना सुरभीने कधी पाहिलं नव्हतं, आणि आपण गप्प राहिलो ते बरंच झालं असं तिला वाटलं.

इतक्यात करपल्याचा उग्र वास अंगणात आला. सुरभी हातातलं फडकं टाकून आत धावली.

स्वयंपाकघरात त्या वासाने श्वास घेववत नव्हता. गॅसवरचं दूध आटून पातेल्याच्या बुडाशी काळंठिक्कर पडलं होतं. शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, भागीरथाबाई निवांत मेथी निवडत बसल्या होत्या.

"काहून वं," त्यांनी मान वर करून विचारलं, "अशी धावत काहून आली?"