बारावं खातं

अकरा नावांपुढे टिक करून झाली होती. बाराव्या नावापाशी अनघाचा हात अडला. रामसिंग राठोड, राठोड कृषी केंद्र. आधीच्या अकरांत जिनिंगवाले होते, अडते होते, एक कोचिंग क्लासही होता. त्यांची ई-मेलची खाती बंद करताना तिला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. फोन केला की "पुढच्या आठवड्यात नक्की, ताई" म्हणणारी ती माणसं, आणि त्यांचा पुढचा आठवडा दीड वर्षात उजाडला नव्हता.

"एकाला सूट दिलीस की सगळ्यांना द्यावी लागेल," यवतमाळहून तिचा भाऊ साकेत फोनवर बजावत होता. ई-मेलची खाती भाड्यानं चालवायचा हा धंदा दोघांचा होता, आणि साकेतचं चूकही नव्हतं. २००६ चं साल. कापसाला भाव नाही, म्हणून दिग्रसच्या बाजारात कुणाच्याच हातात पैसा खेळत नव्हता. पण सर्व्हरवाल्या कंपनीला कापसाशी काय देणंघेणं? तिचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरावंच लागायचं.

रामसिंगकाकांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांचा मुलगा सुनील मस्कतला इंजिनियर. जाताना दुकानाच्या नावानं हे खातं त्यानंच उघडून दिलेलं. त्यावर दुकानाचं एकही पत्र कधी आलं नाही. यायची ती सुनीलचीच. पहिल्या वर्षी तो फोन करायचा. मग फोन महाग पडतो म्हणून दर शुक्रवारी ई-मेल करू लागला. सोमवारी काका गावाहून एसटीनं दिग्रसला यायचे. पत्र इंग्रजीत, म्हणून अनघा ते वाचून अर्थ सांगायची. मी मजेत आहे, काम चांगलं आहे, तब्येतीची काळजी घ्या. दर वेळी एवढंच. काका तेवढं मनात धरून घरी जायचे आणि नंदाबाईंना सांगायचे. तीन वर्षं त्या घरात मुलगा असाच यायचा, दोन तोंडांतून गाळून.

"केलंस का?" साकेतनं विचारलं.

तिनं बाराव्या नावावर टिक केली आणि बटण दाबलं.

पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. बंद खात्यावर आलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं, सोबत दोन ओळींची चिठ्ठी: पैसे न भरल्यामुळे या ग्राहकाची सेवा बंद आहे. चिठ्ठीचा मजकूर तिनंच लिहिला होता, आणि लिहिताना स्वतःवर खूशही झाली होती. आता शुक्रवारी तीच चिठ्ठी मस्कतला जाणार होती. म्हाताऱ्या आईबापाच्या आणि लेकाच्या मधे आपण आडव्या आलो, हे तिच्या मनाला फार लागलं.

सोमवारी काका आले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. रागावले असतील. रागावतील नाही तर काय करतील? शुक्रवारी संध्याकाळी तिनं त्यांच्या दुकानात फोन लावला. एंगेज. अर्ध्या तासानं पुन्हा लावला, तरी एंगेज. शेवटी तिनं ठरवलं, काकांचे पैसे आपल्या पर्समधून भरायचे आणि साकेतला पत्ता लागू द्यायचा नाही.

त्यानंतरच्या सोमवारी काका दारात उभे. आणि आज सोबत नंदाबाई. त्या या ऑफिसात कधीच आल्या नव्हत्या.

अनघा खुर्चीतून उठलीच. "काका, बसा आधी. काकू, तुम्हीही बसा. खातं मी आत्ता सुरू करते. पैशाचं मागाहून पाहू."

काकांनी नोटा टेबलावर ठेवल्या. "मोजून घे, ताई. मांगचे सारे हायेत. आमच्याकून लय उशीर झाला."

तिला आणखीच कानकोंडं झालं. ती कॉम्प्युटरकडे वळली, तोच नंदाबाईंनी बांगड्यांच्या हातानं तिचं मनगट धरलं.

"थांब वं बाई! हात नको लावू त्याले."

"अहो काकू, सुनीलची पत्रं परत जाताहेत!"

"जाऊ दे न मग!" नंदाबाई हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसू लागल्या. "पत्र परत गेलं तसा घाबरला न थो. लगेच दुकानात फोन. याडी, बरी हायेस का, म्हने. आमच्या बंजाऱ्यात आईले याडीच म्हनते. तीन वर्सांनी माह्या कानात 'याडी' पडलं, माय. आता दर शुक्रवारी फोन करते. काय जेवला थे सांगते, कोनाशी भांडला थे सांगते. एक डाव तं रडलाबी. कागदात रडला होता का थो कधी?"

काका ओशाळून म्हणाले, "पैसे पाठवू का म्हने, खातं सुरू करू का म्हने. म्या म्हनलं, पैसे नको, तू बोलत राह्य."

"मग हे पैसे कशाला आणलेत?" अनघानं विचारलं.

"थे तुह्ये हायेत. देनं थोडीच बुडवाचं असते?"

अनघानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. तीन आठवड्यांचं ओझं असं झटक्यात उतरलं की तिला खुदकन हसूच आलं. धंद्यात इतका गोड पराभव तिचा कधी झाला नव्हता.

नंदाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कमरेची पिशवी उघडली.

"अन आता पुढचं सांग, पोरी. बंद ठेवाचे सालाचे किती होतात?"