तळहाताचा वास

२०२२ साल. दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले होते. आग्र्याच्या बटाट्याची गाडी तुर्भ्याच्या मार्केटात गाळ्यासमोर लागली आणि दिलीपशेठांनी विचारलं, "काय म्हणतो माल?"

राहीबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. शेठ तिला विचारत नव्हते. तिच्या डोक्यावरून, पलीकडे निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या उत्कर्षाला विचारत होते.

एकतीस वर्षं हा प्रश्न राहीबाईचा होता. नवरा गेल्यावर साताऱ्याकडची ही बाई याच गाळ्यात बटाटे निवडायला बसली. बसायला घडी घातलेलं बारदान. तेव्हा शेठांचे वडील गाळा बघायचे. गाडी आली की राहीबाई दोन-चार पोत्यांत कोपरापर्यंत हात घालायची. माल चांगला निघाला तर हात पदराला पुसायची. खराब असला तर तळहात नाकाशी नेऊन हुंगायची. तिने हात हुंगला की म्हातारे शेठ दुसरं काही न विचारता गाडी परत पाठवायचे.

मग जूनमध्ये उत्कर्षा आली. शेतीची पदवी घेतलेली, नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहणारी, चोवीस वर्षांची मुलगी. ऐरोलीच्या ऑफिसांतली कँटीन चालवणाऱ्या कंपनीशी शेठांनी करार केला होता आणि त्या कंपनीला प्रत्येक गाडीचा लेखी रिपोर्ट हवा होता. उत्कर्षा दहा बटाटे कापायची, फोटो काढायची, टॅबवर सही करायची. शेठ तिला मॅडम म्हणायचे. तिला चहा काचेच्या ग्लासात यायचा, राहीबाईला कागदी कपात.

"वैनी, आता बटाट्याला बी डिगरी लागती," माथाडी भैरू पाठीवरचं पोतं टाकत म्हणायचा. "तुमी आपलं कांद्याकडं सरका."

"तू गुमान पोती टाक. जिभेला कुनी हमाली देत न्हाई."

राहीबाई भैरूला गप्प करायची, पण तिच्या आत ते शब्द दिवसभर फिरत राहायचे. त्या पोरीचं सगळंच तिला खुपायचं. पायातल्या पांढऱ्या चपला खुपायच्या. 'राहीमावशी' म्हणण्यातला गोडवा खुपायचा. सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की ती पोती नेमकी राहीबाईच्या पुढ्यात आणून उघडायला लावायची. आणि सही करण्याआधी मान वर करून क्षणभर तिच्याकडे बघायची. बघ, आता सही माझी चालते. राहीबाई त्या नजरेचा अर्थ असाच लावायची.

त्या दिवशीची गाडी बिघडून वाटेत दोन दिवस उभी राहिली होती, ताडपत्रीखाली, ऑक्टोबरच्या उन्हात. उत्कर्षाने कापलेले दहाही बटाटे पांढरे स्वच्छ निघाले. राहीबाईने सवयीने तळच्या थरातल्या एका पोत्यात हात घातला.

पोत्याच्या पोटात ऊब होती. बोटांच्या बेचक्यात किंचित चिकट लागलं.

तिला कळलं. हा माल दोन दिवसही टिकणार नव्हता. तिचा हात आपोआप नाकाकडे निघाला. तेवढ्यात उत्कर्षाने मान वर केली. राहीबाईला ती निळी खुर्ची दिसली, खुर्चीखाली ठेवलेला काचेचा ग्लास दिसला. अर्ध्यावर आलेला हात तिने खाली घेतला आणि सावकाश पदराला पुसला.

उत्कर्षाने सही केली. गाडी ऐरोलीला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शेठ नुसते हो, हो म्हणत होते. पोती उघडल्यावर कँटीनमध्ये उभं राहवत नव्हतं. सगळा माल परत येणार होता आणि करार संपला होता.

"तू पास कसा केलास?" शेठ उत्कर्षाला म्हणाले. तोंडातला 'मॅडम' शब्द गेला होता.

राहीबाई मान खाली घालून बटाटे निवडत राहिली. हे ऐकायची ती चार महिने वाट बघत होती.

"माझी चूक झाली, सर," उत्कर्षा म्हणाली. शेठांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

तिने सुरी पुसून पिशवीत टाकली. जाताना ती राहीबाईजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, दहा बटाटे कापून दहाच बटाटे कळतात. अख्खी गाडी मला कुठली कळायला? मी रोज तुमचा हात बघून सही करायचे. म्हणून तर पोती तुमच्यापुढे उघडायला लावायचे."

राहीबाईच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"परवा तुम्ही हात पदराला पुसलात," ती म्हणाली. "वय झालं की चुकतो कधी हात. मी शेठना नाही सांगितलं. तुमचं बसणं बंद केलं असतं त्यांनी. मला काय, दुसरीकडे मिळेल."

राहीबाईला म्हणायचं होतं, हात चुकला न्हाई गं. पण मग काय चुकलं, ते सांगावं लागलं असतं.

उत्कर्षाला पुढे नाशिककडे एका शीतगृहात नोकरी लागली आणि तिथेच तिचं लग्न झालं, असं कानावर आलं. भैरूचे गुडघे गेले, तो गावी परतला. ऐरोलीचं काम दिलीपशेठांना पुन्हा मिळालं नाही. त्यांनी दुसरी मॅडमही ठेवली नाही. निळी खुर्ची त्यांनी राहीबाईला दिली. ती तिच्यावर बारदानं रचून ठेवते आणि खालीच बसते.

गाडी लागली की शेठ आता पुन्हा तिलाच विचारतात, काय म्हणतो माल. ती पोत्यात हात घालते आणि काय ते तोंडाने सांगते. पदराला मात्र तिने त्यानंतर हात कधी पुसला नाही.