ईश्वरीची वॉटरबॅग

"वजन परत वाढलंय यांचं," बहिरूनानांना डायलिसिसच्या मशिनला जोडता जोडता सिस्टर त्यांच्या सुनेवर डाफरली. "किडन्या बंद आहेत. प्यालेलं सगळं पाणी अंगातच साठतं. घरात लक्ष ठेवायला कोणी नाही का?"

"माठसुद्धा माझ्या खोलीत ठेवलाय हो सिस्टर. फुलपात्रानं मोजून देते," निकिता रडवेली झाली. नाना छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिले.

घरी आल्यावर तिचा राग लेकीवर निघाला. "तुझ्या बाईंचा फोन होता. रोज वर्गात दुसऱ्यांकडे पाणी मागतेस? एवढी मोठी वॉटरबॅग शाळेत पोचायच्या आत संपतेच कशी गं?"

"तहान लागते मला," ईश्वरी एवढंच म्हणाली. पाठीत धपाटा बसला. नानांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

दुसऱ्या दिवशी नाना तिला नेहमीसारखे शाळेत सोडायला निघाले. दप्तर आणि वॉटरबॅग त्यांच्याच खांद्यावर. बिटकोच्या सिग्नलजवळ मिठाईचं दुकान आलं, तशी ईश्वरी रोजच्यासारखी थांबली आणि त्यांच्याकडे पाठ करून काचेतले पेढे बघत उभी राहिली.

नानांनी हळूच वॉटरबॅगचं झाकण फिरवलं.

"नाना," मागे न बघताच ती म्हणाली, "आज पीटी आहे. माझ्यासाठी थोडं ठेवाल?"