जनीचा पासवर्ड

सरका जवळ, वैशाखरे गावच्या जनीची गोष्ट सांगते. नवरा दुबईला कामाला गेला, तेव्हा जनी लेकीला घेऊन मुरबाडच्या सायबर कॅफेत ईमेल उघडायला गेली.

कॅफेवाला हरेश म्हणाला, "काकी, पासवर्ड असा ठेवा, जो तुमी कधी विसरणार नाय नि तुमच्या तोंडून कुनी ऐकला नसंल."

जनी लाजली. लेकीच्या कानाशी लागून म्हणाली, "तुज्या बापाचं नाव टाक गो."

"तूच सांग की मोठ्यानं!"

"गप गो! बायकोनं नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य घटतं."

तीन वर्षं त्याच नावानं मेल उघडत राहिला. कीर्तनात नामाचा गजर व्हायचा, तेव्हाही जनी त्या एका शब्दाला ओठ मिटून घ्यायची.

यंदाच्या सप्ताहात बुवांनी गजर धरला आणि सगळ्यांच्या वर जनीचा आवाज चढला, "पांडुरंग! पांडुरंग!" बायका चपापल्या. लेकीनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गो," जनी म्हणाली. "आता कुनाचं आयुष्य घटायचंय?"

दुबईहून त्याचं प्रेत येऊन महिना झाला होता.

आज नाम घ्याल, तेव्हा जनीच्या पांडुरंगाचीही आठवण काढा.