डावी फळी

मंत्र्यांनी फासा टाकला आणि एक पडला.

दोरीपलीकडच्या गर्दीला तो दिसला नाही. टेबलाशी उभ्या असलेल्या चौघांना दिसला. मंत्री, त्यांचे सचिव, हे टेबल मांडणारा घड्याळजी आणि त्याच्या मदतीला आलेला मेव्हणा.

टेबलावर टेकडीची लढाई होती. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, भुश्शाचं गवत, रंगवलेली नदी, काठाला पाणचक्की. फासा सांगेल तसं सैन्य हलवायचं. ही लढाई शाळेत शिकवतात. टेकडीचं चित्र नोटेवर आहे. डावी फळी शेवटपर्यंत ढळली नाही म्हणून देश वाचला आणि त्या फळीचे सेनापती म्हणजे मंत्र्यांचे वडील. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मंत्र्यांनी वडिलांच्या बाजूने खेळून जिंकायचं, एवढंच ठरलं होतं. शत्रू घड्याळजीकडे होता.

एक पडला की फळी फुटते.

"दाजी, हरा की लवकर," मेव्हणा कानाशी लागला. "घरी ताईसमोर रोज हरता, इथं काय झालंय?"

"हरायलाच बघतोय रे. पण ते जिंकतील तेव्हा ना!"

त्याने घोडदळ दलदलीत घातलं होतं, तोफा उघड्यावर सोडल्या होत्या. याहून वाईट खेळणं शक्य नव्हतं. मागच्या वर्षी एका शिक्षकाने या लढाईबद्दल वर्गात शंका काढली होती. त्याच्या जागी आता दुसरे शिक्षक आहेत. पहिले कुठे आहेत, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही.

"टेबल जरा तिरकं आहे, साहेब," घड्याळजी म्हणाला. "पुन्हा टाका."

"नियमात बसतं?"

"पाहुण्यांना चालतं."

"छे, छे. खेळ म्हणजे खेळ." मंत्री रंगात आले होते. त्यांनी स्वतःच डावी फळी उचलून उतारावरून खाली आणली. सेनापतीला मात्र नदीपर्यंत नेलं आणि पाणचक्कीमागे आडवं ठेवलं.

"इतकं मागे नाही जायचं, साहेब," सवयीने घड्याळजीच्या तोंडून गेलं. "नियमाने वीतभर."

"वीतभर कसलं! थेट इथपर्यंत. पिठाच्या पोत्यांमागे. लढाई संपेपर्यंत बाबा तिथून हललेच नाहीत. आईला सांगतानासुद्धा त्यांचे हात..."

मंत्री थांबले. ओठांवरचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे घड्याळजीकडे वळले, मग मेव्हण्याकडे.

"पुस्तकात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"डावी फळी ढळली नाही, साहेब."

"मग मांडा तशी."

घड्याळजी मांडू लागला. केसाएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं, पण सेनापती दोनदा निसटून पडला. मेव्हण्याने हात पुढे केला नाही. अखेर सेनापती टेकडीवर उभा राहिला, गर्दीला तेवढंच दिसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी हात उंचावला आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

सचिव मागे राहिले. त्यांनी पाणचक्की अलगद उचलली, न्याहाळली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"फार बारीक काम करता हो," ते म्हणाले. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

दोरीला टेकून घड्याळजीची बायको अजून टाळ्या वाजवत होती. शेजारी लेक टाचा उंचावून उभी होती.

"कोणी नाही," घड्याळजी म्हणाला.

"बाबा!" लेकीने हाक मारली. "बाबा, इकडे बघ ना!"

मेव्हणा खाली मान घालून उभा होता. घड्याळजी हलला नाही.

"बघा की," सचिव म्हणाले.