चादरीचं दुसरं टोक

पारूबाईंनी ऑनलाइन खेळाचे हातमोजे चढवले आणि पडद्यावरच्या ओल्या चादरीचं वजन हातांत आलं. पलीकडचं टोक हा खेळ कुणाही अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा. कालच्याला तर त्यांनी "मेल्या, चादर पिळतोयस की कुरवाळतोयस?" म्हणून हाकललंच होतं.

आज पीळ बसेना. पलीकडचे हात उलटे फिरत होते, तेही जरा उशिरा, फार लांबून आल्यासारखे. पारूबाईंची मनगटं आपसूक डावीकडे वळली आणि चादरीतून पाणी गळलं.

ही सवय त्यांना एकीमुळेच लागली होती, डावखुऱ्या लेकीमुळे, वैजूमुळे. ती चंद्रावर नोकरीला निघाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." तीही आईचीच लेक. तेव्हापासून एक अक्षर बोलली नव्हती.

"आई, वन्सं तर नव्हेत?" सुनेनं विचारलं.

"गप. घडी घालू दे नीट."

टोकाला टोक लागलं, मोज्यांत बोटांना बोटं लागली. खेळ संपला तरी पलीकडचे हात सुटेनात. पारूबाई तोऱ्यात म्हणाल्या, "मनगटात काही जोर नाही. जेवते का नाही कार्टी?"

चंद्रावरून आवाज यायला क्षणभर लागलाच.

"टोक सोडू नकोस, आई."